३२ बिट कर्नलमधून हायमेम काढणार म्हणतात, लेथवरच्या जुन्या संगणकाचं काय करू?

लेथवाला_उद्यमनगर

राम राम मंडळी,

कोल्हापूरच्या उद्यमनगरात आमचं लहान मशीन शॉप आहे. वडिलांच्या हातचा एक लेथ आहे, त्यावर बॉलस्क्रू आणि स्टेपर मोटारी बसवून तो आम्ही लिनक्ससीएनसीवर, म्हणजे संगणकावरनं मशीन चालवायच्या सॉफ्टवेअरवर, घेतलाय. शिरोलीच्या फौंड्रीतनं पंपाची कास्टिंग येतात, त्यातल्या बुश आणि फ्लँजचं टर्निंग ह्याच लेथवर होतं. घरचं निम्मं उत्पन्न त्या एका मशीनवर आहे, म्हणून जरा तपशिलात लिहितो.

लेथचा संगणक म्हणजे पेंटियम ४, २.४ गिगाहर्ट्झ, ८४५ चिपसेटचा बोर्ड, २ जीबी रॅम. त्यावर डेबियन व्हीझी आहे, लिनक्ससीएनसीच्या जुन्या सीडीवरनं टाकलेलं. कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, ३.४, ६८६ पीएई, आणि तो आरटीएआयवाला, म्हणजे मशीनला हुकूम वेळेवर जावेत म्हणून बदललेला. मागच्या पॅरलल पोर्टातनं केबल निघते ती ब्रेकआउट बोर्डाला आणि तिथनं स्टेपरच्या ड्रायव्हरला. लेटन्सी टेस्ट, म्हणजे हुकूम जायला किती उशीर होतो ती चाचणी, लावली की आकडा १२ हजार नॅनोसेकंदांच्या आसपास राहतो. दिवसभर कास्ट आयर्नचा बुरा उडतो, पंख्याला सारखा ब्लोअर मारावा लागतो, पण मशीन एक स्टेप चुकवत नाही.

आता झालंय असं की माझा भाचा इंजिनिअरिंगला आहे. त्यानं कुठंतरी वाचलं की कर्नलमधनं ३२ बिट मशीनचा हायमेम काढायचं चाललंय, पीएईतला एक भाग आधीच काढलाय, जुना ४८६ प्रोसेसर पण जाणार, आणि डेबियन १३ तर ३२ बिटवर बसतच नाही. तो म्हणतोय, मामा, ह्या संगणकाचे दिवस भरले. एका विक्रेत्याला विचारलं तर त्यानं सरळ सांगितलं की हे सगळं भंगारात घाला आणि नवा कंट्रोलर घ्या. त्यानं सांगितलेला आकडा आमच्या आवाक्यातला नाही.

हायमेम म्हणजे नेमकं काय आणि माझा संगणक तो वापरतोय का, हे कळणार कसं? तो काढला तर लेथ बंद पडेल का? आणि आज ना उद्या बदलायचाच झाला, तर नव्या संगणकाला पॅरलल पोर्ट कुठनं आणू?

ऑफिसात अजून एक संगणक आहे, पेंटियम ड्युअल कोअर. बिलं आणि ड्रॉइंग बघायला वापरतो. त्यावरही ३२ बिटच लिनक्स आहे. त्याचंही सांगा. जाणकारांनी वेळ काढून उत्तर द्यावं ही विनंती.

---

शिरोलीचा_मोल्डर

भावा, चालतंय त्याला हात लावू नको. आमच्याकडं स्पेक्ट्रोमीटरचा संगणक अजून विंडोज एक्सपीवर आहे. नेटची वायर त्याला कधी लावलीच नाही, रिपोर्ट पेन ड्राइव्हवरनं नेतो.

फक्त एक काम ह्याच आठवड्यात कर. त्या पेंटियम ४ मध्ये जुनी आयडीई हार्ड डिस्क असणार. कर्नल राहू दे बाजूला, आधी ती डिस्क जाईल. तिची आख्खी नक्कल दुसऱ्या डिस्कवर काढून ठेव, आणि लिनक्ससीएनसीच्या सेटिंगच्या आयएनआय, एचएएल ह्या फाइली वेगळ्या पेन ड्राइव्हवर घे. बॅकलॅशचे, स्केलचे आकडे त्यातच असतात, ते परत बसवायला लई वेळ जातो. बाकीचं राजारामपुरीवाले काका सांगतील, त्यांचा तोच धंदा आहे.

---

राजारामपुरी_दुरुस्ती

लेथवाले, आधी जीव भांड्यात पडू दे. तुमचा लेथ बंद पडणार नाही. तुमच्या डिस्कवर ३.४ कर्नल आहे, तो तिथंच राहणार. नव्या कर्नलमधून काहीही काढलं तरी तुमच्या डिस्कवरच्या जुन्या कर्नलला त्याचा पत्ताही लागत नाही. भाच्यानं वाचलं ते खरं आहे, पण त्याचा परिणाम जो नवा कर्नल टाकायला जाईल त्याच्यावर होतो.

आता हायमेम. हे नीट समजून घ्या, कारण ह्याच्यावरच सगळी चर्चा चालू आहे.

३२ बिटच्या प्रोसेसरला एका वेळी ४ जीबीपर्यंतचे पत्ते मोजता येतात. लिनक्सनं त्याची वाटणी केली: ३ जीबी प्रोग्रामला, १ जीबी कर्नलला. त्या १ जीबीतही थोडी जागा इतर कामांना राखून ठेवावी लागते, म्हणून कर्नलला थेट हात घालता येईल अशी रॅम उरते ८९६ एमबी. त्याच्या वर जी रॅम असेल ती हायमेम. मार्केट यार्डातल्या गुळाच्या अडतीचं उदाहरण घ्या. ओट्यावर ८९६ रवे मावतात, बाकीचे मागच्या गोदामात. गोदामातला रवा दाखवायचा तर ओट्यावर जागा करायची, हमालानं तो आणायचा, काम झालं की परत न्यायचा. माल आहे, विकताही येतो, पण प्रत्येक वेळी ही ने-आण.

ह्या ने-आणीला कर्नलमध्ये केमॅप म्हणतात. १९९९ च्या सुमारास, ६४ बिट प्रोसेसर सामान्य माणसाला परवडत नव्हते आणि सर्व्हरमध्ये १ जीबीहून जास्त रॅम यायला लागली होती, तेव्हा ही सोय केली गेली. त्या काळी ती हवीच होती. पण तिची किंमत आजही सगळे भरतात. फाइलसिस्टीम लिहिणारा, मेमरीचा कोड लिहिणारा, प्रत्येकाला हे पान कदाचित ओट्यावर नसेल असं धरून चालावं लागतं. स्वतःच्या ६४ बिट मशीनवर त्याला ही चूक कधीच दिसत नाही, कारण तिथं हायमेम नसतोच. म्हणजे ज्या कोडची चाचणी जवळजवळ कोणीच करत नाही तो कोड सगळ्यांनी सांभाळायचा. मी हे पॅच, म्हणजे कोडमधले बदल, बरीच वर्षं वाचतोय आणि ह्या बाबतीत मला काढणाऱ्यांचं म्हणणं पटतं.

तुमच्या लेथशी थेट संबंध असलेली एक गोष्ट सांगतो. जुन्या पद्धतीत अशी तात्पुरती जोडणी वापरात असेपर्यंत त्या प्रोसेसरवर दुसऱ्या कामाला मध्ये शिरायला मनाई असायची. रिअल टाइमवाल्यांना नेमकं तेच नको असतं. स्टेपची पल्स वेळेवर जायची आणि कर्नल दार लावून बसलेला, असं कसं चालेल? कर्नलवर काम करणाऱ्या थॉमस ग्लाइक्सनर यांनी कर्नल ५.११ मध्ये, २०२१ साली, केमॅप लोकल नावाची नवी पद्धत आणली, त्यात ही मनाई लागत नाही. प्रीएम्प्ट आरटी, म्हणजे कर्नलची रिअल टाइम सोय, २०२४ च्या शेवटी ६.१२ मध्ये मुख्य कर्नलमध्ये आलं, त्याच्या मागं अशी वर्षानुवर्षांची साफसफाई आहे. तुमच्यासारख्यांच्या मशीनला नवा कर्नल चांगला चालावा म्हणून जे काम झालं, त्याच्या वाटेत जुन्या सोयी येत होत्या.

भाच्यानं म्हटलेला पीएईचा भाग म्हणजे ३२ बिट कर्नलवर ४ जीबीहून जास्त रॅम वापरण्याची सोय. ती ६.१५ मध्ये, मे २०२५ ला काढली. तुमच्याकडं २ जीबी आहे, तुम्हाला ती कधी लागलीच नव्हती. उरलेला हायमेमही टप्प्याटप्प्यानं काढावा हा विषय २०२५ मध्ये कर्नलवरच काम करणाऱ्या आर्न्ड बर्गमन यांनी मांडला. त्यावर चर्चा मोठी आहे, कारण इंटेलचं सोडा, ३२ बिट आर्मची बरीच औद्योगिक उपकरणं २ जीबी रॅम घेऊन आजही कामावर आहेत. त्यांच्यासाठी मार्ग सुचवलेत. एक म्हणजे वाटणीच बदलायची, ३ आणि १ ऐवजी २ आणि २. मग २ जीबीवाल्या मशीनची जवळजवळ सगळी रॅम ओट्यावर येते.

कर्नलमधून काय काढायचं हे वयावर ठरतं असा समज आहे, तो बरोबर नाही. १९९१ ला लिनक्स इंटेलच्या ज्या ३८६ प्रोसेसरवर जन्मला तो ३८६, कर्नल ३.८ मध्ये, २०१३ च्या फेब्रुवारीत गेला. त्याला काही आवश्यक सूचनाच येत नव्हत्या, आणि कर्नल स्वतः लिहीत असताना पानांवरचा लिहिण्याचा मज्जाव तो पाळत नसे, त्यामुळं सगळीकडं खास तजवीज लागायची. इटॅनियम त्याच्यापेक्षा कितीतरी नवा, मोठ्या सर्व्हरसाठीचा. तो ६.७ मध्ये, २०२४ च्या जानेवारीला गेला, कारण सांभाळायला कोणी उरलं नव्हतं. २०१८ ला ४.१७ मध्ये एका फटक्यात आठ आर्किटेक्चर, म्हणजे प्रोसेसरची घराणी, काढली, ब्लॅकफिन, टाइल वगैरे. ती काही म्हातारी नव्हती. आणि मोटोरोला ६८०००च्या घराण्यातले अमिगा, अटारी, जुने मॅकिंटॉश? ते आजही मुख्य कर्नलमध्ये आहेत! कारण हौसेनं, निष्ठेनं सांभाळणारी माणसं तिथं आहेत, ती पॅच पाठवतात, चाचणी करतात.

अल्फा ह्या प्रोसेसरचं उदाहरण मला सगळ्यात बोलकं वाटतं. लिनक्सचे जनक लिनुस टोरवाल्ड्स यांनी स्वतः लिनक्स दुसऱ्या आर्किटेक्चरवर नेलं ते आधी अल्फावर. पण सुरुवातीच्या अल्फाला मेमरीतला एक सुटा बाइट लिहिता येत नव्हता. आजूबाजूच्या बाइटांसकट उचलायचं, त्यातला एक बदलायचा आणि सगळं परत ठेवायचं. दरम्यान शेजारचा बाइट दुसऱ्या कोणी बदलला असेल तर त्याचं लिहिलेलं पुसलं जाणार. आजच्या कर्नलमधला कुलूप न लावता चालणारा कोड हे गृहीत धरतो की असं होणार नाही. म्हणून ६.१० मध्ये, २०२४ ला, ते सुरुवातीचे अल्फा काढले आणि ज्यांना बाइट लिहिता येतो ते नंतरचे ठेवले. असं नेमकं कापलेलं मला आवडतं.

आता माझं खरं म्हणणं. ३२ बिटच्या माणसाला कर्नल सगळ्यात शेवटी सोडतो. तुम्हाला इतरांनी केव्हाच सोडलंय. क्रोमनं ३२ बिट लिनक्स २०१६ ला बंद केलं. लिनक्सच्या वितरणांपैकी आर्चनं २०१७ ला. फेडोरानं २०१९ ला ३२ बिट कर्नल देणं थांबवलं, उबंटूनंही त्याच वर्षी हात काढला. डेबियन १३ ऑगस्ट २०२५ ला आलं, त्यात ३२ बिट इंटेलसाठी ना कर्नल ना इन्स्टॉलर. फायरफॉक्सची १४४ ही ३२ बिट लिनक्सची शेवटची नेहमीची आवृत्ती, ईएसआर (जास्त काळ आधार मिळणारी) १४० तेवढी किमान सप्टेंबर २०२६ पर्यंत. कर्नलमध्ये मात्र अजूनही ३२ बिट आहे. म्हणून 'कर्नल काय काढतोय' ह्याच्यापेक्षा 'माझ्या मशीनला नेट लागतं का' हा प्रश्न आधी विचारा. लेथला लागत नाही. मग त्याची घाई नाही.

दोन्ही संगणकांवर टर्मिनल उघडा आणि एलएससीपीयू (lscpu) लिहून एंटर दाबा. वरच्या भागात प्रोसेसर कोणत्या मोडमध्ये चालतो ते येतं. तिथं ३२ आणि ६४ दोन्ही दिसले, किंवा खालच्या फ्लॅगमध्ये एलएम (lm) ही दोन अक्षरं सापडली, तर प्रोसेसर ६४ बिट आहे. मग फ्री ही आज्ञा एल आणि एम हे पर्याय देऊन (free -l -m) चालवा. लो आणि हाय अशा दोन ओळी येतील. हायसमोरचा आकडा म्हणजे तुमचा हायमेम. दोन्हींचे आकडे इथं टाका, पुढचं सांगतो.

---

पन्हाळ्याच्या_बाई

काका, तुमचं सगळं पटलं, एक सोडून. सांभाळणारा असेल तर टिकतं, बोलणारा असेल तर टिकतं, हे म्हणणं आमच्यासारख्यांना लागू कसं व्हायचं?

मी पन्हाळा तालुक्यातल्या शाळेत शिकवते. आमच्या लॅबमध्ये देणगीत आलेले छोटे संगणक आहेत, प्रोसेसर अ‍ॅटम एन२७०, १ जीबी रॅम. पाचवी ते सातवीची मुलं त्यावर जीकॉम्प्री खेळतात, इन्स्क्रिप्टवर मराठी टंकलेखन शिकतात, लिब्रे ऑफिसमध्ये सहलीचं वर्णन लिहितात. परवा एका मुलीनं पहिल्यांदा स्वतःचं नाव जोडाक्षरासकट टाइप केलं आणि ती स्क्रीन मी सगळ्या वर्गाला दाखवली. ह्या मशीन मेलेल्या नाहीत.

कर्नल लिहिणाऱ्यांची मेलिंग लिस्ट असते, तिथं पत्र लिहायचं असतं, हे आमच्या किती शिक्षकांना माहीत असणार? लॅबला नेट नाही, त्यामुळं कुठल्या मोजणीतही आम्ही येत नाही. आमचा आवाज तिथं पोचला नाही ह्याचा अर्थ वापरणारेच नाहीत, असा काढला जातो, त्याचं मला वाईट वाटतं. फायरफॉक्स गेलं तर शिष्यवृत्तीच्या संकेतस्थळाचं काय करायचं, हाही प्रश्न आहेच. तेवढ्यापुरतं मी मोबाईलचं नेट जोडते.

---

लेथवाला_उद्यमनगर

काका, लई उपकार झाले. इतकं सोपं करून आजवर कुणी सांगितलं नव्हतं. रात्री दुकान बंद केल्यावर दोन्हीकडं बघितलं.

लेथचा पेंटियम ४: फ्लॅगमध्ये पीएई आहे, एलएम नाही. फ्रीमध्ये लो ८६० च्या आसपास, हाय ११५० च्या आसपास.

ऑफिसचा पेंटियम ड्युअल कोअर ई५३००: एलएम आहे! ३२ आणि ६४ दोन्ही दाखवतोय. बोर्ड जी३१ चा, रॅम २ जीबी. इतकी वर्षं ३२ बिटच चालवला, कारण घेताना त्यावर ३२ बिट विंडोज होतं म्हणून तसंच लिनक्स टाकलं. आणि मागं बघितलं तर गुलाबी रंगाचा पॅरलल पोर्ट आहे, त्यात धूळ बसलीय.

मोल्डर भावा, डिस्कची नक्कल काढायला लावलीय.

बाई, तुमच्या शाळेला काही हार्डवेअरची मदत लागली तर सांगा, आमच्याकडं एसएमपीएस, केबल असं पडून असतं.

---

राजारामपुरी_दुरुस्ती

लेथवाले, तुमचं उत्तर तुमच्या ऑफिसातच होतं. ई५३०० आणि जी३१, ही जोडी लेथला द्या.

पण आधी पेंटियम ४ वर एक प्रयोग करा, खर्च काही नाही. चालू करताना ग्रबच्या, म्हणजे लिनक्स सुरू करणाऱ्या, मेनूत ई (e) दाबा, कर्नलच्या ओळीच्या शेवटी mem=880M असं इंग्रजीत लिहा आणि बूट करा. हा बदल तेवढ्या एका वेळेपुरताच राहतो. आता ८८० एमबीच्या वरची रॅम कर्नल बघणारच नाही, म्हणजे हायमेम शून्य. फ्रीमध्ये खात्री करा. मग ॲक्सिस, म्हणजे लिनक्ससीएनसीची स्क्रीन, उघडा, नेहमीचा फ्लँजचा प्रोग्राम लोड करा, आधी जॉब न लावता हवेत फिरवा. त्याला इतकी रॅम पुरते. हे तसं चाललं तर हायमेम गेला काय नि राहिला काय, त्या मशीनच्या कामाला फरक पडत नाही हे तुम्हालाच डोळ्यांनी दिसेल.

ई५३०० वर डेबियन १२ ची ६४ बिट आवृत्ती टाका. लिनक्ससीएनसी डेबियनच्या स्वतःच्या भांडारात आहे आणि प्रीएम्प्ट आरटीचा कर्नलही तिथूनच मिळतो, जुन्यासारखी वेगळी सीडी शोधायला नको. बसवून झालं की लेटन्सी टेस्ट लावा आणि मशीनला मुद्दाम त्रास द्या: मोठी फाइल कॉपी करा, खिडक्या ओढा, व्हिडिओ लावा. निदान अर्धा तास तरी चालू द्या. १५ ते २० हजार नॅनोसेकंदांच्या आत राहिला तर उत्तम. ३० ते ५० हजार आला तरी चालेल, पण स्टेपचा वेग कमी ठेवावा लागेल. १ लाखाच्या वर गेला तर सॉफ्टवेअर स्टेपिंगला तो संगणक नको. आरटीएआयचा तुमचा १२ हजार फारच चांगला आहे, प्रीएम्प्ट आरटीवर तेवढा येईलच असं धरू नका. बायॉसमध्ये जाऊन वीज वाचवायचे पर्याय बंद केले की आकडा बराच उतरतो. जुना पेंटियम ४ तयार ठेवा, नवा बसेपर्यंत त्याच्यावरच धंदा चालू द्या.

ऑफिसला मग दुसरा घ्या. बिलं आणि ड्रॉइंगला नेट लागतं, तिथं पॅरलल पोर्ट लागत नाही. सेकंडहँड बाजारात तिसऱ्या-चौथ्या पिढीचे आय३, आय५ भरपूर आलेत. विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि विंडोज ११ ला इंटेलची आठवी पिढी लागते, त्यामुळं कंपन्या ते काढून टाकतायत. लिनक्सला ते आरामात चालतात.

बाई, तुमच्या म्हणण्याला माझ्याकडं पूर्ण उत्तर नाही, कारण त्यात तथ्य आहे. डेबियनमध्ये कोणतं पॅकेज किती वापरलं जातं ह्याची मोजणी होते, पण ज्यांनी स्वतःहून होकार दिलाय आणि ज्यांना नेट आहे त्यांचीच. जी ३२ बिट मशीन आज खरोखर कामावर आहेत, लेथ, वजनकाटे, शाळेच्या लॅब, ती बहुतेक नेटबाहेरच असतात. म्हणून मी ह्या वेळी एक करणार आहे. तुमच्या लॅबचं आणि ह्या लेथचं वर्णन, प्रोसेसर, रॅम, हायमेमचा आकडा, काम काय चालतं, हे सगळं इंग्रजीत लिहून मेलिंग लिस्टवर टाकणार आहे. शाळेचं नाव देणार नाही. तुमची परवानगी असेल तर कळवा. अशी पत्रं तिथं वाचली जातात. कोण वापरतं हा प्रश्न ते लोक खरोखरच विचारत असतात.

तोवर लॅबचं काम असं: एन२७० निव्वळ ३२ बिट आहे, त्याला ६४ बसणार नाही. पण लॅबमध्ये सगळे एन२७० च आहेत का, ते प्रत्येकावर एलएससीपीयू चालवून बघा. एन४५०, डी५१० वगैरे दिसायला तसेच असतात आणि ते ६४ बिट आहेत. जे ३२ बिटच निघतील त्यांच्यावर डेबियन १२ ठेवा, त्याचा दीर्घकालीन आधार जून २०२८ पर्यंत आहे. त्यावरच उभं असलेलं अँटीएक्स हे हलकं लिनक्स १ जीबीत आणखी हलकं चालतं. तुमच्या १ जीबीत हायमेम शंभरेक एमबीच येतो, तो नसला तरी जीकॉम्प्रीला कळणारही नाही. डेबियन १३ वर बढती मात्र घेऊ नका, डेबियननंच ३२ बिटवाल्यांना तसं सांगितलंय. शिष्यवृत्तीच्या कामाला एकच ६४ बिट संगणक वेगळा ठेवा आणि नेट फक्त त्यालाच द्या. जुन्या मशीनवर पासवर्ड टाकायची वेळ मुलांवर किंवा तुमच्यावर येऊ नये.

---

पन्हाळ्याच्या_बाई

परवानगी आहे, जरूर लिहा. मुलांना एलएससीपीयू चालवायला लावलं, त्यांना शोधमोहिमेसारखं वाटलं. दोन मशीन एन४५० निघाल्या! त्यातल्या एकीवर ६४ बिट टाकून तीच नेटला जोडते. बाकीचे आकडे वहीत उतरवून घेतलेत, मेलवर पाठवते.

---

शिरोलीचा_मोल्डर

लेथवाल्या भावा, पॅरलल पोर्टबद्दल एक राहिलं. पुढंमागं जी३१ चा बोर्ड गेला आणि नवीन संगणकाला पीसीआय एक्सप्रेसचं पॅरलल कार्ड लावलंस, तर दोन गोष्टी बघ.

एक, पोर्टचा पत्ता. बोर्डावरचा पोर्ट बहुतेक ३७८ वर असतो, तुझ्या एचएएल फाइलमध्ये तोच लिहिलेला असणार. कार्डाचा पत्ता वेगळा येतो. एलएसपीसीआय ही आज्ञा व्ही पर्याय देऊन (lspci -v) चालव, कार्डाच्या खाली आय-ओ पोर्टचा आकडा दिसेल, तो फाइलमध्ये घाल. नाहीतर सगळं चालू दिसतं आणि मोटार हलत नाही.

दुसरं, व्होल्टेज. बरीच नवी कार्डं ५ ऐवजी ३.३ व्होल्ट देतात. तुझ्या ब्रेकआउट बोर्डावर सिग्नल घेणाऱ्या ऑप्टोला ते पुरलं नाही तर मधेच स्टेप चुकायला लागतात, आणि माणूस बॅकलॅशमध्ये दोष शोधत बसतो. कार्ड बसवल्यावर केबल जोडायच्या आधी एक पिन हाय करून मल्टीमीटर लावून बघ. यूएसबीचं पॅरलल कन्व्हर्टर तर घेऊच नको, ते प्रिंटरपुरतं असतं, स्टेपिंगला चालत नाही.